कातरीखाली गेलेला एककाचा अंक : बेळगावातील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानाचा अनुभव

बेळगावात जुनी पुस्तके मिळण्याची ठिकाणे पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. जी आहेत त्यांतील बहुतेक ठिकाणी शाळा-कॉलेजची क्रमिक पुस्तके, स्पर्धा परीक्षांची गाइडे आणि वजनावर घेतलेल्या मासिकांचे गठ्ठे यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. खडेबाजाराच्या मागच्या एका बोळातले हे दुकान त्याला अपवाद आहे, कारण तेथे पुस्तके नुसती विकली जात नाहीत, तर ग्राहकाने सांगितलेल्या विषयावरचे जुने, स्वामित्वहक्काची मुदत संपलेले साहित्य शोधून, त्याची प्रत काढून आणि कापडी पाठीची बांधणी करून दिली जाते. या सेवेचा मी गेल्या वर्षी घेतलेला अनुभव येथे लिहीत आहे. दुकानाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे एक तक्रार आली आहे. ती मिटलेली आहे, आणि मिटलेल्या तक्रारीचा शिक्का कोणाच्या पाटीवर बसू नये असे मला वाटते. जुन्या पुस्तकांच्या शोधात त्या भागात हिंडणाऱ्याला दुकान ओळखता येईलच.

दुकान जेमतेम दहा फूट रुंद आहे. पुढच्या अर्ध्या भागात मराठी आणि कन्नड पुस्तके एकमेकांना खेटून उभी असतात, मागच्या अर्ध्यात झेरॉक्सचे यंत्र आहे, आणि माळ्यावर जे काही आहे त्याची यादी फक्त मालकांच्या डोक्यात आहे. मालक गिऱ्हाइकाशी मराठीत, हाताखालच्या पोराशी कन्नडमध्ये आणि बांधणी करणाऱ्या चाचांशी दख्खनी हिंदीत बोलतात, आणि तिन्ही संभाषणे एकाच वेळी चालू ठेवतात. बेळगावकराला यात नवल वाटणार नाही, परंतु मागणी नोंदवताना या गडबडीचा फटका बसू शकतो, म्हणून आपले काम कागदावर लिहून द्यावे, हा माझा पहिला सल्ला.

मी शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे, आणि नोकरीच्या काळात निवडणुकीची ड्यूटी मला इतक्या वेळा लागली की मतमोजणीचे तक्ते वाचण्याची एक प्रकारची सवयच जडली. 4 सप्टेंबर 2025 रोजी दादाभाई नवरोजींच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आमच्या वाचकमंडळात मी बोलावे असे ठरले, तेव्हा दादाभाईंच्या चरित्रापेक्षा ज्या मतदारसंघाने त्यांना ब्रिटिश पार्लमेंटात पाठवले त्या सेंट्रल फिन्सबरीचा इतिहास सांगावा असे मनात आले. दादाभाई सर्वांना ठाऊक असतात, मतदारसंघ कोणालाच ठाऊक नसतो. आणि सीमाभागातल्या माणसाला, कोणी निवडून आले यापेक्षा हद्द कोठून कोठे होती हा प्रश्न नेहमीच थोडा अधिक जवळचा वाटतो.

मालकांना मी चिठ्ठी दिली : ‘लंडनमधील फिन्सबरी, 1832 पासून पुढचे सर्व निवडणूक निकाल, शक्य असल्यास नकाशासह.’ त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “सर, लंडनचं काय करायचं हो तुम्हाला? बरं, बघूया की.” पंधरा दिवसांची मुदत सांगितली होती, प्रत्यक्षात बावीस दिवस लागले. उशिराबद्दल मी त्यांना दोष देत नाही, कारण जे मिळाले ते मला वाटले त्यापेक्षा पुष्कळ अधिक होते : 1832 ते 1918 या काळातील निवडणूक निकालांच्या एका जुन्या संदर्भग्रंथातील लंडन विभागाची प्रत, 1918 नंतरच्या काळाची माहिती देणारी सुटी आठ पाने, आणि 1885 च्या विभागणीचा एक नकाशा. सर्वांचे मिळून 780 रुपये झाले.

वस्तूविषयी आधी सांगतो. ग्रंथाची मांडणी निकालांच्या रजिस्टरसारखी आहे. डाव्या बाजूला वर्ष, मग उमेदवार, पक्ष, पडलेली मते आणि उजव्या टोकाला मताधिक्य. भाष्य जवळजवळ नाही. पहिल्या दिवशी हे पान कोरडे वाटते, दुसऱ्या दिवशी नावे ओळखीची वाटू लागतात, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात येते की आपण एका शहराच्या पाऊण शतकाची गोष्ट वाचतो आहोत. निदान फिन्सबरीच्या पानांविषयी तरी माझा हाच अनुभव आहे.

1832 च्या सुधारणा कायद्याने लंडनमध्ये जे पाच नवे मतदारसंघ निर्माण झाले त्यांत फिन्सबरी एक होता, आणि त्याला दोन जागा होत्या. पहिल्याच निवडणुकीत निवडून आलेल्या दोघांचा हिंदुस्थानशी संबंध होता, हे मला या प्रतीमुळे प्रथम कळले. त्यांपैकी रॉबर्ट स्पँकी हे बंगालमध्ये कंपनी सरकारचे ॲडव्होकेट जनरल राहिलेले होते. दुसरे रॉबर्ट ग्रँट. हे नाव वाचले तेव्हा मी क्षणभर थांबलो, कारण मुंबईला गेलेल्या प्रत्येक बेळगावकराने ते रेल्वेच्या फलाटावर वाचलेले असते. ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे ग्रँट. ज्यूंवरील राजकीय निर्बंध दूर करण्याचे विधेयक त्यांनी पार्लमेंटात पुन्हा पुन्हा मांडले होते. 1834 मध्ये मुंबईच्या गव्हर्नरपदासाठी निवड झाल्यामुळे त्यांनी फिन्सबरीची जागा सोडली, 1835 मध्ये ते मुंबईत रुजू झाले, आणि 9 जुलै 1838 रोजी पुण्याजवळ दापोडी येथे त्यांचे निधन झाले. याच तीन वर्षांच्या मधोमध, 1836 साली, धारवाड जिल्ह्याचा उत्तर भाग वेगळा काढून बेळगाव जिल्हा करण्यात आला. म्हणजे आपल्या जिल्ह्याची पहिली रेघ ओढली गेली तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरच्या खुर्चीत फिन्सबरीचा माजी खासदार बसलेला होता. ही गोष्ट मी वाचकमंडळात सांगितली तेव्हा मागच्या रांगेतून “म्हणजे सीमाप्रश्न तिथपासून काय!” असा आवाज आला. तो विनोदच होता, पण सभागृहाला त्यानंतर जी जाग आली ती शेवटपर्यंत टिकली.

त्याच 1832 च्या तक्त्यात पराभूतांमध्ये चार्ल्स बॅबेज हे नाव आहे. संगणकाच्या कल्पनेचे जनक म्हणून ज्यांना आज ओळखतात तेच हे गणिती. पाच उमेदवारांत ते तिसरे आले आणि दोनच जागा असल्याने पडले. ग्रँट यांच्या जागेसाठी 1834 मध्ये पोटनिवडणूक झाली तेव्हाही ते उभे राहिले आणि सर्वांत शेवटी राहिले. या बॅबेजचे डिफरन्स इंजिन ज्या हेतूने कल्पिले गेले तो हेतू असा होता की गणिताची कोष्टके यंत्रानेच मोजावीत आणि यंत्रानेच छापावीत, म्हणजे नकलनवीस आणि खिळेजुळारी यांच्या हातून होणाऱ्या अंकांच्या चुका टळतील. पुढे जी तक्रार सांगायची आहे ती ध्यानात घेता बॅबेज यांचे या पानावर असणे मला अजूनही थोडे खट्याळपणाचे वाटते.

1834 ची पोटनिवडणूक टॉमस डंकोंब यांनी जिंकली आणि 1861 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती जागा त्यांच्याकडे राहिली. कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचा 1842 चा अवाढव्य अर्ज पार्लमेंटात त्यांनीच सादर केला. दुसऱ्या जागेवर 1835 मध्ये स्पँकींना हरवून टॉमस वॅकली आले, ते 1852 पर्यंत राहिले. वैद्यकीय क्षेत्रातील मंडळींना हे नाव ठाऊक असेल, कारण ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय साप्ताहिक त्यांनीच 1823 मध्ये सुरू केले. म्हणजे घड्याळे दुरुस्त करणारे, दागिने घडवणारे, छापखान्यांत काम करणारे कारागीर ज्या वस्तीत राहत त्या वस्तीने आपल्या काळातील जहाल आवाज पार्लमेंटात पाठवण्याचा शिरस्ता अर्धशतक आधीच घालून दिलेला होता. दादाभाईंचा विजय हा एक चमत्कार म्हणून सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तक्ते क्रमाने वाचले म्हणजे तो चमत्कार उरत नाही, आणि माझ्या मते त्यामुळे तो अधिक मोलाचा वाटतो.

1872 पर्यंत तेथे मतदान उघड होत असे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. कोणी कोणाला मत दिले याची छापील पुस्तके निघत. घरमालक, दुकानमालक, सावकार यांना ती वाचता येत. आपल्या गावात अशी एक प्रत पंचायतीच्या कट्ट्यावर ठेवली तर काय होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

1885 मध्ये मतदारसंघांची फेररचना होऊन बहुतेक ठिकाणी एका जागेचे मतदारसंघ आले आणि जुन्या फिन्सबरीचे होबर्न, सेंट्रल आणि ईस्ट असे तीन तुकडे झाले. सेंट्रल फिन्सबरी हा प्रामुख्याने क्लार्कनवेल या लंडनमधील वस्तीचा भाग. पहिल्या निवडणुकीत तेथे लिबरल पक्षाचे हॉवर्ड स्पेन्सली आले, आणि सात-आठ महिन्यांतच झालेल्या 1886 च्या निवडणुकीत, आयर्लंडच्या होमरूलवरून लिबरल पक्ष दुभंगला असताना, कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे कॅप्टन फ्रेडरिक पेंटन आले. ज्यांच्या जमिनीवर पेंटनव्हिल ही वस्ती उभी राहिली त्या जमीनदार घराण्यातले हे गृहस्थ. त्याच निवडणुकीत शेजारच्या होबर्नमधून दादाभाई प्रथमच उभे राहिले होते. कर्नल डंकन यांना 3,651 आणि दादाभाईंना 1,950 मते पडली.

होमरूल हा शब्द बेळगावला परका नाही. एप्रिल 1916 मध्ये लोकमान्यांनी आपल्या होमरूल लीगची स्थापना याच शहरात केली. तो शब्द आयर्लंडहून ज्या वाटेने आला ती वाट क्लार्कनवेलच्या गल्ल्यांतूनही जाते, हे या तक्त्यांच्या वाचनात माझ्या प्रथम ध्यानात आले.

दादाभाई सेंट्रल फिन्सबरीकडे वळले आणि पक्षांतर्गत उमेदवारीसाठी त्यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. याच काळात, नोव्हेंबर 1888 मध्ये, एडिंबरो येथील भाषणात पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी होबर्नच्या जुन्या निकालाचा दाखला देताना दादाभाईंचा उल्लेख ‘काळा माणूस’ असा केला, आणि इंग्रज मतदार अशा माणसाला निवडून देण्याइतके अजून पुढारलेले नाहीत असे सुचवले. त्या उद्गारावर इंग्लंडमध्येच इतकी टीका झाली की तोवर थोड्यांना ठाऊक असलेले हे पारशी नाव घराघरात पोचले. सॉल्सबरी यांनी विरोधी उमेदवाराचा केलेला हा प्रचार बहुधा त्यांच्या सबंध कारकिर्दीतला सर्वांत यशस्वी प्रचार असावा.

आता त्या पानाकडे येतो. प्रत घरी आणली त्या रात्री मी सरळ 1892 चा तक्ता उघडला. उमेदवार दोन, नवरोजी आणि पेंटन. नवरोजींच्या नावापुढे ‘2,95’ आणि पेंटन यांच्या नावापुढेही ‘2,95’ असे छापलेले होते, आणि त्यापुढे कागद संपला होता. बांधणी झाल्यावर कडा सारख्या करताना चाचांच्या यंत्राने उजवा समास इतका आत घेतला होता की दोन्ही मतसंख्यांचा एककाचा अंक आणि मताधिक्याचा सबंध रकाना कातरीखाली गेला होता. इतर पानांवरही हे घडले होते, पण तेथे फारसे बिघडत नाही, कारण हजार-दीड हजारांच्या फरकात शेवटचा अंक गेला तरी कोण जिंकले ते कळते. या एका पानावर मात्र सगळा इतिहास त्या एककाच्या घरातच होता. दादाभाई 2,959 आणि पेंटन 2,956, म्हणजे तीन मतांचा फरक. माझ्या हातातल्या प्रतीप्रमाणे ती निवडणूक बरोबरीत सुटली होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रत घेऊन दुकानात गेलो तेव्हा मालकांची पहिली प्रतिक्रिया मला आवडली नाही, हे नमूद केले पाहिजे. “पान मोजून घेतला होता नव्हं सर? पानं सगळी आहेत की,” असे ते म्हणाले, आणि पाने खरोखरच सगळी होती. मी पान उघडून त्यांच्यासमोर ठेवले आणि विचारले, “मालक, यात कोण निवडून आलंय ते सांगा बघू.” त्यांनी बोट फिरवले, थांबले, पुन्हा फिरवले. मग चाचांना हाक मारली. चाचांनी पान उजेडात धरले, काही न बोलता प्रत उचलली आणि शिलाई उसवायला घेतली. मूळ ग्रंथ सुदैवाने अजून परत गेलेला नव्हता. सबंध विभागाची प्रत नव्याने, समास राखून काढण्यात आली, आणि त्याचे पैसे घेतले गेले नाहीत. दुकानाचे खरे मोल मला त्या दिवशी कळले. चूक सगळ्यांच्या हातून होते, परंतु ‘एका अंकाचे काय एवढे’ असे त्या तिघांपैकी कोणीही म्हटले नाही.

नवी प्रत तयार होईपर्यंत चहा आला आणि मी मालकांना 1892 ची हकिगत सांगितली. फरक इतका थोडा होता की मतांची फेरमोजणी झाली. एका मोजणीत तो तीन मतांचा, तर दुसऱ्या मोजणीत पाच मतांचा निघाला. पेंटन यांनी निकालाविरुद्ध अर्ज केला आणि पुढे तो मागे घेतला. म्हणूनच काही ठिकाणी पाच आणि काही ठिकाणी तीन असा आकडा आढळतो, आणि दोन्ही लिहिणारे आपल्या परीने खरे असतात. ‘नवरोजी’ हे नाव उच्चारायला अवघड म्हणून, आणि फरक एवढा निसटता म्हणून, लोकांनी त्यांना ‘नॅरो-मेजॉरिटी’ असे टोपणनाव दिले. मालक म्हणाले, “आमच्याकडं पण झाली की फेरमोजणी. चाचांची कातर लागली नसती तर तुम्ही मला हे सांगितलाच नसता.” हे मात्र खरे होते.

ग्रंथाच्या मर्यादेविषयीही सांगितले पाहिजे, कारण कोणी असाच खंड मागवणार असेल तर त्याची निराशा होऊ नये. 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीत पडलेली एकूण मते 5,915 होतात. आपल्याकडे विधानसभेच्या एका मतदारसंघात दोन लाखांहून अधिक मतदार असतात, त्या मानाने ही संख्या एखाद्या मोठ्या गावाची वाटते. ती इतकी लहान का, याचे उत्तर तक्त्यात नाही. स्त्रियांना मत नव्हते, पुरुषांपैकीही मोठा हिस्सा यादीबाहेर होता, एकाच जागी सलग बारा महिने राहिल्याशिवाय नाव लागत नसे, आणि कामाच्या शोधात बिऱ्हाडे बदलणाऱ्या कारागिरांची नावे त्यामुळेच गळत. उलट ज्याची मालमत्ता चार ठिकाणी, त्याला चार मतदारसंघांत मत देता येई. दरवर्षी याद्यांची तपासणी होत असे, आणि दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते एकमेकांच्या मतदारांवर हरकती घेत. मतदारयादीत नाव शोधत कचेरीच्या पायऱ्या झिजवण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय तेव्हा खासदाराला वेतन नव्हते. वर्षाला 400 पौंडांचे वेतन सुरू झाले ते 1911 मध्ये, म्हणजे दादाभाईंना लंडनचा खर्च स्वतः आणि हितचिंतकांच्या मदतीने भागवावा लागला. यांतले काहीही निकालाच्या रकान्यांत बसत नाही. हा खंड हाताशी ठेवण्याचा आहे, एकट्याने पुरेसा होण्याचा नाही.

दादाभाईंनी पार्लमेंटात बायबलाऐवजी खोर्देह अवेस्ता या पारशी प्रार्थनाग्रंथावर शपथ घेतली. 1893 मध्ये सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घेण्याचा ठराव कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटाच्या लोकनियुक्त सभागृहात, संमत झाला, पण सरकारने तो अमलात आणला नाही, आणि हिंदुस्थानात ती परीक्षा व्हायला 1922 उजाडले. त्याच 1893 मध्ये लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे आयर्लंडच्या होमरूलचे विधेयक कॉमन्समध्ये 34 मतांनी संमत झाले आणि लॉर्ड्सनी, म्हणजे उमरावांच्या सभागृहाने, 419 विरुद्ध 41 मतांनी फेटाळले. ज्या प्रश्नावर क्लार्कनवेलच्या मतदाराने दादाभाईंना मत दिले असेल तो प्रश्न असा मोडीत निघाल्यावर 1895 मध्ये लिबरलांची लंडनमध्ये धूळधाण उडाली. सेंट्रल फिन्सबरीतून कन्झर्व्हेटिव्ह मॅसी-मेनवेअरिंग शेकड्यांच्या फरकाने निवडून आले. त्याच वर्षी लंडनच्याच बेथनल ग्रीन नॉर्थ-ईस्टमधून मंचरजी भावनगरी हे दुसरे पारशी कन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे 160 मतांनी आले, म्हणजे एक पारशी जाऊन दुसरा, अगदी उलट मतांचा पारशी आला. 1906 मध्ये सेंट्रल फिन्सबरीने कामगार नेते विल्यम स्टेडमन यांना निवडले. ते नावा बांधणाऱ्यांच्या संघटनेतून आलेले होते आणि 1898 मध्ये स्टेपनीची पोटनिवडणूक केवळ 20 मतांनी जिंकलेले होते. दादाभाई त्या वर्षी नॉर्थ लँबेथमधून उभे राहिले आणि तिसरे आले. वर्षअखेरीस कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्याची मागणी केली. 1910 पासून आर्चर-शी हे कन्झर्व्हेटिव्ह सदस्य राहिले. 30 जून 1917 रोजी दादाभाई वारले आणि 1918 च्या फेररचनेत त्यांचा मतदारसंघही संपला.

सुट्या आठ पानांत पुढचा भाग आहे आणि तो थोडक्यात असा. 1918 मध्ये पुन्हा एकसंध ‘फिन्सबरी’ झाला, पण आता एका जागेचा. 1945 मध्ये तेथून आलेले मजूर पक्षाचे प्लॅट्स-मिल्स यांना पक्षाने 1948 मध्ये काढून टाकले, म्हणजे जहालांचा जुना शिरस्ता शेवटपर्यंत टिकला म्हणायचा. 1950 मध्ये ‘शोरडिच अँड फिन्सबरी’ आणि 1974 मध्ये ‘इझलिंग्टन साउथ अँड फिन्सबरी’ असे होत होत हे नाव आता जोडनावाच्या शेपटाला उरले आहे. आपल्याकडे 2008 च्या पुनर्रचनेत सदलग्याचे असेच झाले. सदलगा मतदारसंघ गेला आणि चिक्कोडीच्या नावामागे ‘सदलगा’ एवढे राहिले. उचगावच्या वाट्याला तेही आले नाही. त्या भागातली वयस्क माणसे आजही ‘आमच्या उचगाव मतदारसंघात’ असे सहज बोलून जातात आणि नव्या पोरांना ते कळत नाही. ज्या राजापुरातून बॅरिस्टर नाथ पै तीनदा लोकसभेत गेले तो मतदारसंघही त्याच फेररचनेत नाहीसा झाला. अशा गेलेल्या मतदारसंघांचे सगळे तक्ते एका पुठ्ठ्यात बांधून कोणी देईल तर मी ते आधी घेईन, लंडन नंतर. 1996 मध्ये बेळगाव लोकसभेसाठी 456 उमेदवार उभे होते आणि सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी ते उभे केले गेले होते. त्या निवडणुकीचा तक्ता छापायचा तर चाचांना वेगळ्या मापाचा कागद आणावा लागेल.

नकाशाबद्दल दुसरी तक्रार आहे आणि ती मिटलेली नाही. 1885 च्या विभागणीचा मूळ नकाशा मोठा होता, तो एका पानात बसवण्यासाठी इतका लहान केला गेला की होबर्न आणि सेंट्रल यांच्यामधली हद्द भिंगाशिवाय दिसत नाही, आणि रस्त्यांची नावे भिंगानेही वाचता येत नाहीत. मालकांचे म्हणणे असे की मोठ्या कागदाची प्रत काढणारे यंत्र त्यांच्याकडे नाही. मग तसे आधी सांगायला हवे होते. ज्याला हद्दी पाहायच्या आहेत त्याने नकाशाचे काम येथे देऊ नये. मी शेवटी चार तुकड्यांत प्रत काढून घेतली आणि घरी चिकटवली, त्यात जोडावर एक गल्ली दोनदा आली आहे.

किमतीचा विचार करता, नव्याने केलेली प्रत जमेस धरून, 780 रुपये मला रास्त वाटले. कागद जाड आहे, शिलाई दोऱ्याची आहे, नुसता डिंक लावलेला नाही, आणि गेल्या कित्येक महिन्यांच्या हाताळणीत एकही पान सुटलेले नाही. पाठीवरचे मराठी शीर्षक सोनेरी अक्षरांत उमटवून देतात, मात्र ‘फिन्सबरी’चे ‘फिन्सबेरी’ झाले होते, ते मी तसेच ठेवले आहे. संध्याकाळी सहानंतर बोळात दुचाकी लावायला जागा मिळत नाही, सकाळी अकराच्या सुमारास जावे. आगाऊ रक्कम अर्धी घेतात आणि पावती मागितल्याशिवाय देत नाहीत.

बेथनल ग्रीनच्या पानांची मागणी मी मागच्या आठवड्यात नोंदवली आहे. चिठ्ठीवर विषयाखाली ‘उजवा समास दोन बोटे’ असे मी लिहिले होते. मालकांनी ते वाचले, चिठ्ठी तशीच चाचांकडे दिली, आणि चाचांनी ती कातरीच्या यंत्रावर चिकटवून टाकली.